प्लॅन वाढवण्याआधी राउटरकडे बघा

रात्री साडेनऊच्या सुमारास मुलीच्या क्लासचा व्हिडिओ अडकतो, बाहेरच्या खोलीत टीव्हीवर गोल चक्र फिरत राहतं आणि परदेशातल्या नातवाशी बोलणाऱ्या आजींना त्याचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. वैतागून कंपनीला फोन केला की मोठा प्लॅन घ्या, असा सल्ला मिळतो. आपण तो घेतो. महिन्याचं बिल वाढतं आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ पूर्वीइतकाच अडकतो. कारण घरापर्यंत येणारा वेग बहुतेक वेळा आधीच पुरेसा असतो. तो राउटरपासून त्या खोलीपर्यंत पोचत नसतो.

नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस लागतात. म्हणजे टीव्हीवर फोर-के सिनेमा, दोन मोबाइलवर एचडी व्हिडिओ आणि एक ऑफिसची मीटिंग असं सगळं एकाच वेळी चाललं, तरी चार माणसांच्या घराची गरज ३० एमबीपीएसच्या आसपास राहते. तेव्हा १०० एमबीपीएसच्या प्लॅनवरही घरात रडतखडत चालत असेल, तर वेग नेमका कुठे गळतो हे आधी शोधायला हवं. पैसे खर्च करायचा निर्णय त्यानंतरचा.

आधी मोजा

पहिली गोष्ट एककाची. प्लॅनवर लिहिलेला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना संगणक दाखवतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने उतरत असेल, तर तुमची लाइन पूर्ण वेगाने चालते आहे. तक्रारीला जागा नाही.

आता वेग तीन ठिकाणी मोजायचा. स्पीडटेस्ट किंवा फास्ट डॉट कॉम यांपैकी काहीही वापरा, पण तिन्ही ठिकाणी एकच वापरा आणि त्या वेळी घरातली इतर उपकरणं बंद ठेवा.

१. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीला लागणारा छोटा अडॅप्टर दुकानात मिळतो.
२. राउटरपासून चार-पाच फुटांवर उभं राहून, वायफायवर.
३. ज्या खोलीत त्रास होतो त्या खोलीत, त्याच उपकरणावर.

हे सकाळी एकदा आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान एकदा करा. आकडे वेळेसकट वहीत लिहून ठेवा. या तीन आकड्यांत बहुतेक निदान होऊन जातं. केबलवरच वेग कमी असेल तर दोष लाइनमध्ये, केबलमध्ये किंवा कंपनीकडे आहे. वायफायची सेटिंग बदलून उपयोग नाही. केबलवर चांगला आणि राउटरजवळ वायफायवर वाईट असेल तर राउटरची सेटिंग किंवा ते उपकरण तपासायचं. राउटरजवळ चांगला आणि खोलीत वाईट असेल तर प्रश्न जागेचा, भिंतींचा आणि बँडचा आहे.

केबलवरच्या चाचणीत एक आकडा वारंवार भेटतो: ९४. प्लॅन २०० किंवा ३०० चा, पण चाचणी कितीही वेळा केली तरी ९३ ते ९५ च्या वर जात नाही. हा आकडा दिसला की समजायचं, वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची मर्यादा आहे. एक तर राउटरचं पोर्ट जुन्या 'फास्ट इथरनेट' प्रकारचं आहे किंवा केबलमधली एखादी तार तुटली आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. त्यांपैकी चारच नीट जुळल्या तरी जोडणी चालते, पण १०० च्या वर जात नाही. क्रिंपिंग सैल झालेली किंवा दारात चेमटलेली केबल हे हमखास करते. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' लिहिलेली नवी केबल लावून पुन्हा चाचणी घ्या. काही कनेक्शनच्या डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचं आणि बाकीची १०० ची असतात, म्हणून केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घालूनही बघा.

जागा बदलली की अर्धं काम होतं

कनेक्शन द्यायला आलेला माणूस राउटर तिथेच बसवतो जिथे फायबर घरात शिरते: मुख्य दाराच्या वर, माळ्यावर किंवा शोकेसमागे. त्याला तार कमी लागते आणि आपल्याला तो कोपऱ्यातला राउटर जन्मभर पुरतो.

राउटर घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, पाच-सहा फूट उंचीवर असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, माशांची टाकी यांच्या मागे किंवा शेजारी नसावा. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. विटांच्या भिंतीपेक्षा आरसीसीचा कॉलम आणि स्लॅब जास्त अडवतात. जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंती आणि कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या भिंती तर वायफायला फार जड जातात. अशा घरात एका राउटरकडून चारही खोल्यांची अपेक्षा ठेवू नये.

फायबरचा डबा हलवता येत नसेल तर तो तिथेच राहू द्या. त्यातून एक लॅन केबल केसिंगमधून मधल्या खोलीपर्यंत न्या आणि राउटर तिथे लावा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते, त्यामुळे घरातलं अंतर हा प्रश्नच नाही. फायबरची बारीक तार मात्र स्वतः ओढू नका आणि ती काटकोनात मुडपलेली नाही ना हे पाहा. तीव्र वळणावर फायबरमधला प्रकाश गळतो.

अँटेना बाहेर असतील तर एकाच मजल्यावरच्या घरासाठी त्या उभ्या ठेवा. अँटेनाच्या टोकाकडे लहर सर्वांत क्षीण असते आणि कडेने सर्वांत जोरकस. वरच्या मजल्यावरही वायफाय हवं असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

राउटरच्या आत शिरताना

राउटरच्या बुडाला एक स्टिकर असतो. त्यावर लॉगिनचा पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. राउटरला जोडलेल्या मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाइप केला की राउटरचं पान उघडतं. आता बऱ्याच राउटरांना मोबाइल ॲपही असतं.

आत गेल्यावर तीन पथ्यं पाळा. प्रत्येक पान बदलण्याआधी मोबाइलने त्याचा फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच चाचणी घ्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं ते कळत नाही. तिसरं पथ्य सर्वांत महत्त्वाचं: 'वॅन', 'इंटरनेट', 'पीपीपीओई', 'व्हीलॅन' या नावांच्या पानांना हात लावू नका आणि मागच्या बारीक छिद्रातलं रीसेटचं बटण पिनने दाबू नका. तिथे कंपनीने भरलेली माहिती असते. ती पुसली गेली तर माणूस येईपर्यंत घर इंटरनेटविना राहतं.

दोन बँड आणि त्यांचे आकडे

बहुतेक राउटर दोन बँडवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झचा बँड लांब जातो, भिंती त्यातल्या त्यात पार करतो, पण हळू असतो. शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात असतात. ५ गिगाहर्ट्झचा बँड कितीतरी वेगवान आणि कमी गर्दीचा, पण एक-दोन भिंतींतच दमतो.

अनेक घरांत दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असतं आणि कोणत्या बँडवर जायचं हे उपकरणावर सोडलेलं असतं. मोबाइल पुष्कळदा लांबूनच २.४ धरतो आणि राउटरशेजारी आला तरी तो सोडत नाही. यावर उपाय सोपा आहे. राउटरमध्ये 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' बंद करा आणि दोन बँडना वेगळी नावं द्या. टीव्ही, लॅपटॉप आणि नव्या मोबाइलना ५ वर जोडा. कॅमेरा, स्मार्ट बल्ब, जुना फोन यांना २.४ पुरतो, त्यातली बरीच उपकरणं ५ वर चालतही नाहीत.

कोण कशावर आहे ते लिंक स्पीड सांगतो. अँड्रॉइड मोबाइलवर वायफायच्या नावावर दाबून तपशील उघडला किंवा विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज पाहिल्या की तो दिसतो. ७२ दिसलं तर उपकरण २.४ वर एका अँटेनाने जोडलेलं आहे. १४४ म्हणजे २.४ वरच पण दोन अँटेनांनी. ४३३ किंवा ८६६ म्हणजे ५ वर, पूर्ण रुंदीने. ५४ दिसलं तर काहीतरी फार जुनं मध्ये आलं आहे, त्याबद्दल पुढे. प्रत्यक्ष इंटरनेटचा वेग या आकड्याच्या साधारण पन्नास-साठ टक्के मिळतो. म्हणजे ७२ ची जोडणी असलेल्या मोबाइलवर ४० एमबीपीएस येत असतील, तर प्लॅन ३०० चा घेतला तरी ४० च येणार.

चॅनेल आणि त्याची रुंदी

वायफायची हवा सगळ्यांना सामाईक असते. चाळीतल्या एकाच नळासारखं समजा: एका वेळी एकानेच भरायचं. बारीक तोंडाची घागर घेऊन कुणी बसला की मागची सगळी रांग थांबते. शेजारचे राउटर तुमच्याच चॅनेलवर असतील तर ते तुमच्या रांगेत उभे आहेत. आणि लांबच्या खोलीतलं रेंगाळत बोलणारं तुमचंच जुनं उपकरण असेल, तर ते घरातल्या वेगवान उपकरणांनाही खोळंबवतं.

२.४ च्या बँडवर भारतात १ ते १३ चॅनेल दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे त्यांत तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं ॲप घेऊन आसपास कोण कुठे आहे ते पाहा. या तिघांपैकी ज्यावर सर्वांत कमी आणि सर्वांत क्षीण जाळी असतील तो निवडा. ३ किंवा ९ रिकामा दिसला म्हणून तिथे जाऊ नका. तिथे दोन्ही बाजूंचा गोंगाट येतो. चॅनेल विड्थ २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर कागदावरचा वेग दुप्पट होतो, पण सोसायटीत वीस-पंचवीस जाळी असताना ती रुंदी शेजाऱ्यांच्या गर्दीत शिरते आणि प्रत्यक्षात नुकसानच होतं.

५ च्या बँडवर जागा ऐसपैस आहे. तिथे ८० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवा आणि ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या गटांतलं चॅनेल घ्या. ५२ पासून १४४ पर्यंतची चॅनेलं रडारबरोबर वाटून घेतलेली असतात. रडारचा संकेत जाणवला की राउटरला ते चॅनेल सोडावं लागतं आणि मग वायफाय मध्येच गेल्यासारखं वाटतं. काही उपकरणांना ती चॅनेलं दिसतच नाहीत. राउटरमध्ये देश 'इंडिया' निवडलेला आहे ना, हेही पाहून घ्या. चुकीच्या देशामुळे चांगली चॅनेलं यादीतून गायब होतात.

जुना कुलूप-मोड आणि फुकटे पाहुणे

आता त्या ५४ च्या आकड्याबद्दल. 'सिक्युरिटी'च्या पानावर 'टीकेआयपी' किंवा 'वेप' निवडलेलं असेल तर वायफाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगावर उतरतं, कारण वायफायच्या ४ आणि त्यापुढच्या पिढ्यांचे वेग त्या जुन्या कुलपांबरोबर चालत नाहीत. तिथे 'डब्ल्यूपीए२-एईएस' निवडा. राउटर नवा असेल तर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३'. एवढ्या एका बदलाने अडून बसलेला वेग मोकळा झालेली घरं आहेत. याच्या जवळच 'मोड' असतो. घरात फार जुनं उपकरण नसेल तर २.४ साठी 'बी' वगळलेला पर्याय घ्या.

त्याच वेळी 'कनेक्टेड डिव्हाइसेस'ची यादी वाचा. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर वायफायचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा आणि राउटरच्या लॉगिनचा छापील पासवर्डही बदला. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू केलं की मुख्य पासवर्ड वाटत बसावं लागत नाही.

वेग आहे, तरी कॉल तुटतो

चाचणीत आकडा उत्तम आणि तरी व्हिडिओ कॉल तुटतो, असं होत असेल तर अपलोडकडे पाहा. मोबाइल घरी येऊन वायफायला जोडला की दिवसभराचे फोटो आपोआप वर चढू लागतात. अपलोडची वाट भरून जाते, राउटरमध्ये डेटाच्या पाकिटांची रांग साचते आणि कॉलमधला आवाज त्या रांगेत अडकतो. फोटोंचा बॅकअप रात्री झोपताना होईल असं बघा. राउटरमध्ये 'क्यूओएस' असेल तर ते सुरू करून डाउनलोड आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के भरा. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि कॉलला पुढे सोडता येतं. स्वस्त राउटरांत क्यूओएसने एकूण वेग बराच पडतो. तसं दिसलं तर ते बंद करा.

डीएनएस बदला, वेग दुप्पट होईल, असं सांगणारे व्हिडिओ बरेच फिरतात. डीएनएसचं काम वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं एवढंच. कंपनीचा डीएनएस मंद असेल तर पान उघडायला सुरुवातीला लागणारा वेळ १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरल्याने कमी होतो. डाउनलोडचा वेग त्याने वाढत नाही.

सेटिंगने न सुटणारं

राउटरचं फर्मवेअर अपडेट उपलब्ध असेल तर करा. त्या वेळी वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. राउटर गरम होत असेल तर त्यावरचं कापडी झाकण आणि वह्यांचा गठ्ठा काढा. राउटरमध्ये ५ चा बँडच नसेल तर नवा घ्यायची वेळ झाली आहे. 'वायफाय ६' आणि गिगाबिट पोर्ट असलेला घ्या.

लांबची खोली तरीही कोरडीच राहत असेल तर तिथपर्यंत लॅन केबल नेऊन जुना राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये लावणं हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. जुन्या राउटरमध्ये तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. भाड्याच्या घरात केबल टाकता येत नसेल तर मेश (एकमेकांशी जोडलेल्या राउटरांचा संच) घ्या. स्वस्त सिंगल-बँड रिपीटर घ्यायचा मोह टाळा: तो ज्या हवेतून ऐकतो त्याच हवेतून पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. रिपीटर लावायचाच तर सिग्नल चांगला असलेल्या मधल्या जागी लावा. मेलेल्या कोपऱ्यात तो काय ऐकणार?

कंपनीकडे जाताना

केबलवरच्या चाचणीतच वेग कमी असेल, तर कंपनीला फोन करायचा. त्याआधी ॲपमध्ये महिन्याचा वापर बघा. 'अनलिमिटेड' म्हटलेल्या प्लॅनलाही वापराची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग खाली आणला जातो. डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. दिवा हिरवा असला तरी आतल्या पानावर 'आरएक्स पॉवर' दिसत असेल तर तो आकडा लिहून घ्या. नेहमीच्या जीपॉन लाइनवर तो -२७ डीबीएमच्या आसपास पोचला की लाइन काठावर आली. जोड साफ करून किंवा तार बदलून तो सुधारतो, आणि ते काम कंपनीचंच आहे. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा वेग येत असेल, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे.

'नेट स्लो आहे' एवढंच सांगितलं तर राउटर बंद करून चालू करा, एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी सांगा: 'प्लॅन १०० चा आहे, लॅन केबलवर सकाळी ९२ येतात, रात्री दहाला सलग चार दिवस ३० येतात.' तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. ठरलेल्या मुदतीत निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला ही व्यवस्था ठेवावी लागते आणि अपिलाला शुल्क नाही. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, म्हणून थेट तिथे लिहून वेळ घालवू नका.

रविवारची एक दुपार यासाठी काढा. सुरुवात तीन चाचण्यांनी करा, मग जागा, मग बँड, चॅनेल, सिक्युरिटी, या क्रमाने जा आणि प्रत्येक पायरीचा आकडा लिहा. सगळं संपल्यावर अखेरची सेटिंग आणि पासवर्ड एका कागदावर लिहून घरातल्या आणखी एकाला समजावून ठेवा, म्हणजे तुम्ही बाहेरगावी असताना घर अडणार नाही. त्यानंतरही गरज उरलीच, तर मोठा प्लॅन खुशाल घ्या. तेव्हा वाढीव बिलातल्या प्रत्येक रुपयाचा वेग तुमच्या हाती पडेल.